नावे छापली, निबंध कुठे आहेत?

विद्यापीठाच्या निबंधस्पर्धेचा निकाल कसा जाहीर होतो, हे वाचकांना सांगावयास नको. प्रथम, द्वितीय, तृतीय अशी तीन नावे. त्यांच्यापुढे महाविद्यालयांची नावे. मग उत्तेजनार्थ म्हणून आणखी दोन. शेजारी एक छायाचित्र, त्यात प्रमाणपत्र देणारे पाहुणे मध्यभागी आणि ते घेणारा विद्यार्थी कडेला. दुसऱ्या दिवशी महाविद्यालयाच्या फलकावर अभिनंदनाची ओळ लागते, वर्षअखेरीच्या अहवालात तीच नावे पुन्हा येतात, आणि प्रकरण मिटते. या साऱ्या सोहळ्यात एक वस्तू मात्र कोठेच दिसत नाही, ती म्हणजे निबंध. ज्याच्याकरिता पारितोषिक दिले तो निबंध कोणी वाचला? परीक्षकांनी वाचला असेल, असे आपण सौजन्याने धरून चालू. त्यांच्याखेरीज त्यात काय लिहिले होते हे कोणालाही ठाऊक नसते. आणि आश्चर्य असे की, ते जाणून घ्यावे असे कोणाला वाटतही नाही.

कुस्तीच्या फडात कोण चीत झाला हे भोवतीचे सारे गाव पाहते. गाण्याच्या बैठकीत कोणाचा सूर लागला आणि कोणाचा ढळला हे श्रोत्यांच्या कानांना कळते, आणि पंचांनी पक्षपात केला तर मंडपातच कुजबुज सुरू होते. निबंधाची स्पर्धा तेवढी अशी की, तीत प्रेक्षकांना विजयी मल्ल दाखवितात, कुस्ती दाखवीत नाहीत! आमचे म्हणणे एवढेच आहे की, जे विद्यापीठ विजेत्यांची नावे छापते आणि त्यांचे निबंध छापत नाही, त्याने विचारांची स्पर्धा घेतली असे म्हणण्याचा त्याला अधिकार नाही. ही रीत कोणा एका विद्यापीठाची नव्हे. ती सार्वत्रिक आहे, म्हणूनच तिच्याविरुद्ध लिहावयाचे.

निबंध न छापण्याचा पहिला दुष्परिणाम विषयांवर होतो. जो निबंध कोणी वाचणार नाही त्याचा विषय कसाही असला तरी चालतो. आणि कसाही चालतो म्हटले की सर्वांत निरुपद्रवी विषय निवडला जातो. ‘पर्यावरणाचे रक्षण’, ‘राष्ट्रनिर्माणात युवकांचे योगदान’, ‘जलसंवर्धन : काळाची गरज’. यांतील एकही विषय प्रश्न नाही. जलसंवर्धन ही काळाची गरज नाही, असे लिहिणारा विद्यार्थी आजवर कोणी पाहिला आहे काय? उत्तर अगोदरच ठरलेले, बाजू अगोदरच ठरलेली. उरते ते फक्त सुभाषितांची पखरण कोणी अधिक केली हे मोजणे.

जयपूरच्या ज्या जवाहर नगरातून हे लिहीत आहोत, तेथून राजस्थान विद्यापीठाचे आवार फार लांब नाही. १९४७ च्या जानेवारीत राजपुताना विद्यापीठ म्हणून ते स्थापन झाले आणि १९५६ साली त्याला आजचे नाव मिळाले. राज्याच्या दूरदूरच्या जिल्ह्यांतील मुले शिकण्यासाठी या शहरात येतात आणि अशा वस्त्यांतून भाड्याच्या खोल्या घेऊन राहतात. त्यांतील पुष्कळांच्या गावी पाणी हा निबंधाचा विषय नसून रोजच्या पहाटेचा विषय असतो. त्यांच्यापुढे ‘जलसंवर्धन : काळाची गरज’ हा विषय ठेवणे म्हणजे भुकेल्यापुढे पाकशास्त्राचे मुखपृष्ठ ठेवण्यासारखे आहे.

याच विषयाचा प्रश्न करता येत नाही काय? जयपूरपासून थोड्या अंतरावर जमवा रामगढचा बंधारा आहे. बाणगंगेवर बांधलेल्या त्या जलाशयाने या शहराला कित्येक दशके पाणी पाजले. १९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांत नौकानयनाच्या शर्यती त्याच पाण्यावर झाल्या. पुढे ते तळे कोरडे पडले. इतके की, २०११ साली राजस्थान उच्च न्यायालयाने आपण होऊन त्यात लक्ष घातले. हे कोणामुळे झाले? पाणलोटातील अतिक्रमणांमुळे, भूजलाच्या उपशामुळे, पाऊस घटल्यामुळे, की वरच्या अंगाला ठिकठिकाणी घातलेल्या लहान बंधाऱ्यांमुळे? या शेवटच्या कारणाकडे वाचकांनी विशेष लक्ष द्यावे. लहान बंधारे म्हणजेच तर जलसंवर्धन! गावोगावी पाणी अडविण्याचे पुण्यकर्म करीत असतानाच मोठे तळे उपाशी मरते काय, या प्रश्नाला दोन प्रामाणिक उत्तरे संभवतात आणि दोहोंना पुरावा लागतो. ‘रामगढचे तळे कोणी कोरडे केले?’ एवढाच विषय दिला असता तर विद्यार्थ्याला ग्रंथालयात, कचेरीत आणि त्या उघड्या पडलेल्या तळाशी जावे लागले असते.

किंवा दुसरा प्रश्न घ्या. रामगढ आटल्यावर जयपूरची तहान बनास नदीवरील बीसलपूर धरणावर येऊन पडली. ते धरण टोंक जिल्ह्यात, येथून शंभर किलोमीटरांहून दूर आहे. २००५ साली त्याच पाण्यावर आपला हक्क सांगणाऱ्या टोंकच्या शेतकऱ्यांनी आंदोलन केले. पोलिसांच्या गोळीबारात माणसे मेली. या पाण्यावर आधी कोणाचा अधिकार, धरणाजवळच्या शेताचा की राजधानीतल्या नळाचा? जवाहर नगरातल्या खोलीत राहणाऱ्या विद्यार्थ्याने याचे उत्तर लिहावयास घेतले तर त्याची लेखणी अडखळेल, कारण त्याच्या टेबलावरचा पाण्याचा पेला त्या वादातील एक पक्षकार आहे. ज्या निबंधात लेखणी एकदाही अडखळत नाही, त्याला आम्ही निबंध म्हणावयास तयार नाही.

‘निबंध’ हा शब्दच आपल्याकडे या अर्थाने आला आहे. धर्मशास्त्रात निबंधग्रंथ म्हणत ते कशाला? एखाद्या प्रश्नावर निरनिराळ्या स्मृतींची, परस्परविरोधी असली तरी, सारी वचने एकत्र करावयाची, त्यांची छाननी करावयाची आणि मग निर्णय द्यावयाचा, अशा ग्रंथांना. देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्री याचा ‘चतुर्वर्गचिंतामणि’ हा असा निबंध, आणि कमलाकरभट्टाने १६१२ साली पूर्ण केलेल्या ग्रंथाचे तर नावच ‘निर्णयसिंधु’. त्यांचे निर्णय आज आपणांस मान्य होणार नाहीत, न होवोत. पण विरुद्ध मत पानावर उतरविल्याखेरीज निर्णय द्यावयाचा नाही, ही शिस्त त्यांनी पाळली. १८७४ च्या जानेवारीत विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी ‘निबंधमाला’ सुरू केली, तेव्हा त्यांनीही निबंध हा वादाचाच प्रकार म्हणून चालविला. त्यांची मते अनेकांना झोंबली, आजही झोंबतात. परंतु झोंबण्याकरिता ती आधी छापलेली असावी लागतात.

विद्यार्थ्यांच्या निबंधस्पर्धेकडून एवढी अपेक्षा करणे म्हणजे अतिरेक आहे, असे कोणी म्हणेल. त्यांनी १७८५ सालच्या केंब्रिजकडे पाहावे. विद्यापीठाचे त्या वेळचे उपकुलगुरू पीटर पेकार्ड यांनी लॅटिन निबंधाच्या स्पर्धेसाठी एक प्रश्न घातला : माणसांना त्यांच्या इच्छेविरुद्ध गुलाम करणे न्याय्य आहे काय? त्या काळी गुलामांच्या व्यापारावर इंग्लंडातील बंदरे श्रीमंत होत होती आणि गुलामांच्या श्रमाची साखर घरोघरी चहात पडत होती. तेव्हा हा प्रश्न निरुपद्रवी नव्हता. थॉमस क्लार्कसन नावाच्या पंचवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने स्पर्धेत भाग घेतला तो केवळ कीर्तीसाठी. आदल्या वर्षी एक पारितोषिक त्याने मिळविलेच होते. परंतु माहिती गोळा करू लागल्यावर त्याची झोप उडाली. त्याला पहिले पारितोषिक मिळाले. सेनेट हाऊसमध्ये सर्वांसमक्ष निबंध वाचून तो लंडनच्या वाटेला लागला, आणि वेड्समिल गावाजवळ घोड्यावरून उतरून रस्त्याच्या कडेला बसला. आपण लिहिले ते खरे असेल, तर या अनर्थाचा शेवट करण्याचे काम कोणीतरी हाती घेतले पाहिजे, असे त्याच्या मनाने घेतले. पुढल्याच वर्षी त्याने तो निबंध इंग्रजीत छापून प्रसिद्ध केला. १७८७ साली लंडनमध्ये गुलामांच्या व्यापाराविरुद्ध समिती स्थापन झाली, तीत तो होता. आणि पुरावे जमविण्यासाठी तो देशभर बंदरोबंदर हिंडला. १८०७ साली ब्रिटिश पार्लमेंटने तो व्यापार बंद केला.

यात क्लार्कसनची थोरवी आहेच. पण आम्हांला येथे विद्यापीठाच्या वाट्याची गोष्ट सांगावयाची आहे. विद्यापीठाने प्रश्न विचारला, विषय दिला नाही. विजेत्याला स्वतःचा निबंध स्वतःच्या तोंडाने सभेत वाचावयास लावला. आणि निबंध पुस्तकरूपाने लोकांपुढे गेला. या तीन पायऱ्यांपैकी एकही गाळली असती, तर केंब्रिजच्या जुन्या दप्तरात एका विजेत्याचे नाव तेवढे उरले असते.

हे विलायतेत होते, आपल्याकडे कसे होणार, असे म्हणण्याचीही सोय नाही. एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये शिकलेल्या भाऊ दाजींनी काठेवाडातील बालिकाहत्येवर निबंध लिहून सरकारी पारितोषिक मिळविले. तो निबंध १८४७ साली छापला गेला. इतकेच नव्हे, तर त्या स्पर्धेतील दुसऱ्या पारितोषिकाचा निबंधही मुंबईत छापला गेला. त्या स्पर्धेत बाजू ठरलेली होती हे खरे. बालिकाहत्येच्या समर्थनार्थ लिहावे असे कोणी म्हणत नव्हते. परंतु तेथे माहिती ठरलेली नव्हती. ती चाल कोणत्या कुळांत, कशी, कोणत्या कारणाने चालते हे शोधून लिहावयाचे होते, आणि लिहिलेले लोकांपुढे तपासले जाणार होते.

आता उलट बाजू पाहू. पेशवाईत श्रावणमासी शास्त्री-पंडितांना दक्षिणा वाटली जाई. इंग्रजांनीही ती काही काळ चालू ठेवली. त्यातील काही रक्कम मराठीत उपयुक्त ग्रंथ लिहिणाऱ्यांना द्यावी, अशी मागणी १८४९ साली लोकहितवादी आणि त्यांच्या तरुण मित्रांनी केली. पुण्यात केवढा गहजब झाला! अखेर दक्षिणा प्राइझ कमिटी अस्तित्वात आली. मराठी लेखनाला सार्वजनिक पैशातून पारितोषिक मिळू लागले, ही केवढी मोठी सुधारणा. परंतु त्याच कमिटीकडे १८५५ साली जोतीराव फुल्यांनी ‘तृतीय रत्न’ हे नाटक पाठविले, तेव्हा काय झाले? ते नाकारले गेले. भट सभासदांच्या आग्रहापुढे युरोपियन सभासदांचे काही चालले नाही, असे फुल्यांनीच १८७३ च्या ‘गुलामगिरी’त नोंदवून ठेवले आहे. ते नाटक पुढे शंभराहून अधिक वर्षे अप्रकाशित राहिले. त्या वर्षी कमिटीने चूक केली की न्याय केला, हे ठरविण्याची संधी त्या काळच्या वाचकाला मिळालीच नाही. कारण नाकारलेले लेखन त्याच्यापुढे आलेच नाही. परीक्षकांच्या बंद दाराआड काय घडू शकते, याचे याहून लख्ख उदाहरण मराठी वाङ्मयात शोधावे लागेल.

आणि त्याच १८५५ सालची दुसरी गोष्ट. फुल्यांच्याच शाळेत शिकणाऱ्या, मांग समाजातील मुक्ता या कोवळ्या वयाच्या मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी एक निबंध लिहिला. धर्मग्रंथांवर आमचा अधिकार नाही, तर मग आमचा धर्म कोणता, असा रोकडा सवाल तिने त्यात टाकला. बाळंतपणात डोक्यावर छप्परही नसलेल्या आपल्या बायकांचे हाल तिने सांगितले. ‘ज्ञानोदय’ने तो निबंध त्या वर्षीच्या फेब्रुवारी-मार्चच्या दोन अंकांत छापला. कोणत्या कमिटीने तिला पहिला क्रमांक दिला? विचारण्याचे कारणच उरले नाही. त्या साली दक्षिणेची पारितोषिके कोणाकोणाला मिळाली हे आज अभ्यासकांनाही शोधून काढावे लागेल. शाळकरी मुलीचा तो निबंध मात्र आजही वाचला जातो. तिला पारितोषिकाने नव्हे, छापखान्याने जगविले.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप खर्चाचा. शाल, श्रीफळ, स्मृतिचिन्ह, फुलांचे गुच्छ, पाहुण्यांचा प्रवास आणि छायाचित्रकार यांना पैसे मिळतात. तीन निबंधांच्या वीस पानांना मिळत नाहीत, हे आम्ही खरे कसे मानावे? आणि आज तर छापखान्याचीही गरज राहिलेली नाही. विद्यापीठाच्या संकेतस्थळावर ती पाने ठेवावयास किती खर्च येणार? अनेक महाविद्यालयांचे वार्षिक अंक विद्यार्थ्यांचे लेखन आनंदाने छापत आले आहेत, हे येथे कृतज्ञतेने सांगितले पाहिजे. ज्या संस्था ते करू शकतात, त्यांना स्पर्धेतील निबंधच तेवढे जड का व्हावेत?

दुसरा आक्षेप असा की, विद्यार्थ्यांचे लेखन कच्चे असते. छापून त्यांची शोभा कशाला करावयाची? हा कळवळा आम्हांला खोटा वाटतो. पहिल्या क्रमांकाचे म्हणून ज्याला सभेत गौरविले, तेच लेखन छापण्याजोगे नसेल, तर गौरविले कशाला? खरी गोष्ट अशी आहे की, निबंध छापला तर परीक्षा विद्यार्थ्याची होत नाही, ती परीक्षकाची होते. बर्लिनच्या अकादमीने १७६३ साली तत्त्वज्ञानाच्या एका प्रश्नावर मोझेस मेंडेल्सझोनला पहिले स्थान दिले आणि इमान्युएल कांटला दुसरे. पुढच्या वर्षी अकादमीने दोन्ही निबंध एकत्र छापले. पुढील काळाने हा क्रम उलटा लावला असता, असे कोणी म्हणो; पण अकादमीने पुरावा दडविला नाही, म्हणून तिच्याकडे कोणी संशयाने बोट दाखवीत नाही.

तिसरा आक्षेप अधिक अवघड आहे. खरे प्रश्न विचारले तर वाद होतील, वर्तमानपत्रांत ओरड होईल, एखाद्या विद्यार्थ्याला आपल्या मतापायी त्रास सोसावा लागेल. हे भय निराधार नाही, आणि ते हसण्यावारी नेण्याचा आमचा विचार नाही. परंतु त्याचा उपाय विद्यार्थ्याच्या पाठीशी उभे राहणे हा आहे. ज्या संस्थेने प्रश्न विचारला तिने उत्तराची जबाबदारीही अंगावर घ्यावी. हवे तर लेखकाच्या संमतीने निबंध टोपणनावाने छापावा; आम्हांला त्याचे नाव नको आहे, त्याचा निबंध हवा आहे. आजची रीत नेमकी याच्या उलट आहे.

शिवाय आता एक नवी गोष्ट घडली आहे, तिने जुन्या रीतीचा उरलासुरला आधारही काढून घेतला. २०२२ च्या नोव्हेंबरात चॅटजीपीटी लोकांच्या हाती आले, आणि त्यामागून तशी आणखी यंत्रे आली. ‘जलसंवर्धन : काळाची गरज’ हा विषय त्यांना सांगा, प्रस्तावना, सहा मुद्दे, सुभाषित आणि आशादायी समारोप यांसह निबंध काही क्षणांत तयार. यावर आपली विद्वान मंडळी यंत्राला दोष देतात. आमचा प्रश्न असा आहे की, यंत्राला इतक्या सहजी लिहिता येईल असा निबंध आपण इतकी वर्षे मुलांकडून का लिहवून घेत होतो? रामगढच्या कोरड्या तळाशी उभे राहून जवळच्या गावातील म्हाताऱ्याशी यंत्र बोलून येणार नाही. आणि समजा, कोणी यंत्राकडून निबंध लिहवून आणलाच, तरी भर सभेत तो वाचून चार प्रश्नांना उत्तरे द्यावी लागली, तर कोणाचे किती हे श्रोत्यांना तत्काळ कळेल. क्लार्कसनला सभेपुढे उभे करण्याची ती जुनी रीत आज अडीचशे वर्षांनी नव्याने आवश्यक झाली आहे.

विद्यापीठांना एवढे सुनावल्यावर आपल्या अंगणातही पाहिले पाहिजे. महाराष्ट्राबाहेरची आपली मराठी मंडळे दरवर्षी २७ फेब्रुवारीच्या सुमारास मुलांसाठी निबंधस्पर्धा घेतात. विषय? ‘माझी मायबोली’. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. त्यामुळे एका विषयाची भर पडली, ‘अभिजात मराठी’. घरी हिंदीत भांडणारी आणि शाळेत इंग्रजीत शिकणारी मुले आईकडून लिहवून घेऊन मराठीच्या गोडव्याचे चार परिच्छेद आणतात, आणि आपण टाळ्या वाजवितो. त्याऐवजी त्यांना असे का विचारू नये की, जयपुरात जन्मलेल्या तिसऱ्या पिढीने मराठी का शिकावी? ‘शिकू नये’ असे प्रामाणिक उत्तर एखाद्या मुलीने कारणांसह दिले, तर तिला पहिले पारितोषिक देण्याची आपल्या मंडळांची छाती आहे काय?

किंवा या शहराच्याच इतिहासातला प्रश्न विचारावा. मराठ्यांच्या खंडणीच्या तगाद्याने गांजून सवाई ईश्वरीसिंगाने १७५० च्या डिसेंबरात आत्महत्या केली. त्याने उभारलेला ईसरलाट त्रिपोलिया बाजारालगत आजही उभा आहे. पुढच्याच महिन्यात, होळकर-शिंद्यांच्या फौजा बाहेर तळ देऊन असताना, जयपूरकरांनी शहरात शिरलेल्या मराठ्यांची कत्तल केली. हे असे का घडले? येथील मराठी मुलांना ‘मराठ्यांचा पराक्रम’ हा विषय शंभर वेळा मिळेल. हा प्रश्न एकदाही मिळणार नाही. ज्या गावात आपण राहतो, त्याच्या स्मरणात आपले पूर्वज कोणत्या रूपाने आहेत हे मुलांना कळू न देणे, याला आम्ही मातृभाषेची सेवा म्हणत नाही.

तेव्हा मागणी साधी आहे. विद्यापीठे असोत वा मंडळे, त्यांनी स्पर्धेसाठी ज्याला दोन उत्तरे संभवतात असा प्रश्न द्यावा. विजेत्यांना आपले निबंध सभेत वाचावयास लावावे आणि श्रोत्यांना प्रश्न विचारू द्यावेत. पहिला निबंध छापावा, आणि त्याच्या उलट मताचा जो उत्तम असेल, मग तो कितव्याही क्रमांकाचा असो, तोही छापावा. परीक्षकांनी आपल्या निर्णयाची कारणे दोन परिच्छेदांत खाली लिहून त्यावर सही करावी. एवढे करण्याची ज्यांची तयारी नसेल, त्यांनी स्पर्धा खुशाल घ्याव्यात, शालजोड्या वाटाव्यात, छायाचित्रे काढावीत. फक्त त्या समारंभाला निबंधस्पर्धा म्हणू नये.

आणि येत्या वर्षी निकालाची ती तीन नावे वाचताना आपल्या वाचकांनी संस्थेला एक ओळीचे पत्र टाकावे : नावे पोहोचली, निबंध पाठवा.